नकाशावरची चांदणी

४ फेब्रुवारी, मंगळवार

नवी वही. धाकट्या बहिणीचा सल्ला असा, की ज्याची भीती वाटते ते लिहून काढ, निम्मी भीती कागदावर राहते. माझ्या भीतींना एक वही पुरायची नाही. गॅस बंद केला का, कुलूप नीट लागलं का, लिफ्ट मधेच अडकली तर काय. हे मला भित्री भागूबाई म्हणतात आणि स्वतः पाल दिसली की खुर्चीवर चढतात.

आजची भीती मात्र नवी आहे. आमच्या संग्रहालयाचं संकेतस्थळ आज सुरू झालं. बंद पडलेल्या काच कारखान्याच्या जुन्या कचेरीत आमचं संग्रहालय आहे आणि मी तिथली संग्रहपाल. कारखाना गेला, कामगारांची वसाहत पाडली, माणसं चहूकडे पांगली. उरले ते फोटो, बाटल्या, काच फुंकायच्या नळ्या आणि मी. आता हे सगळे फोटो कोणीही कुठूनही पाहू शकतं. म्हणजे काही चुकलं तर तेही कोणीही कुठूनही पाहणार. रात्री जेवण गेलं नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

भिंगरी आली होती. भिंगरी म्हणजे आमचं संकेतस्थळ बांधणारी बाई. दोन पोरांची आई आहे, पण बोलायला लागली की गरगरत राहते, म्हणून हे नाव मी ठेवलं. तिला माहीत नाही.

आमच्या संचालक साहेबांच्या हट्टापायी तिने पहिल्याच पानावर एक नकाशा टाकलाय. कोणी पाहुणा आला की त्याच्या गावावर ठिपका उमटतो. त्याच वेळी त्याच्या संगणकात आमची एक छोटी खूण जाऊन बसते, तिला कुकी म्हणतात. त्याच संगणकावरून पुन्हा कोणी आलं की त्या खुणेवरून आपण ओळखतो. मग त्याला "पुन्हा आलात, बरं वाटलं" असं दिसतं आणि नकाशावर ठिपक्याऐवजी चांदणी लागते, पान मिटलं की विझते. चांदणीवर बोट टेकवलं की गावाचं नाव येतं, कुठलं पान उघडलंय तेही येतं. साहेब एकदम खूश. देणगीदारांना दाखवायला बरं.

भिंगरीचं तोंड मात्र आंबट होतं. "मावशी, हे साऱ्या जगाला कशाला दाखवायचं? आणि निदान 'नको' म्हणायची सोय तरी ठेवा. आत्ता नुसतंच 'चालेल' आहे."

"अगं, जुने फोटो बघायला येणाऱ्यांची कसली आलीयेत गुपितं?"

"बरं, निदान महिन्या-महिन्याला जुन्या नोंदी पुसून टाकू या?"

पुसायच्या? आमच्या भिंतीवर संस्थापकांच्या अक्षरात लिहिलंय, 'इथे काहीही टाकले जात नाही.' आमच्याकडे एक खोका आहे, त्यावर चिठ्ठी आहे : सुतळीचे तुकडे, आखूड, निरुपयोगी. तो खोकासुद्धा आम्ही दर वर्षी झटकून जागेवर ठेवतो. मी तिला तो दाखवला. मग तिने तो विषय सोडला.

पाहुण्यांसाठी गोपनीयतेचं निवेदन मीच लिहिलं. "आपली प्रत्येक खूण आम्ही ठेव्यासारखी जपू." वाक्य छान जमलंय. तरी भिंगरीचा तो चेहरा डोळ्यांसमोरून हलत नाही. उगाचच धाकधूक होतेय.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

कामावरून निघण्याआधी नकाशा बघायची मला सवयच लागलीय. बंदराच्या गावी रोज संध्याकाळी एक चांदणी लागते आणि दर वेळी एकच पान उघडते, भट्टीवाल्याचं.

तो फोटो माझाही लाडका आहे. उघड्या भट्टीसमोर घामाने निथळणारा माणूस आणि त्याच्या खांद्यावर तीनेक वर्षांची पोर. तिने बापाचे दोन्ही कान घट्ट धरलेत. कारखान्यात वजनकाट्यावर असलेल्या एका काकांनी हा फोटो दिला आणि त्यांनी जसं सांगितलं तसंच मी खाली लिहिलं : 'भट्टीवाला आणि त्याची एकुलती एक लेक. आई बाळंतपणातच गेली, म्हणून बाप पोरीला घेऊनच कामावर यायचा.' काकाही गेले आता.

कोण असेल ही चांदणी? ती पोरच असेल का? आता चाळिशीला आली असेल. ती लागली की घरचं माणूस सुखरूप पोचल्यासारखं वाटतं. आज जरा उशीर झाला तर माझा जीव टांगणीला लागला. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "परक्या माणसावर पाळत ठेवायची आणि वर त्याचीच काळजी करायची. तुझं काही खरं नाही."

पाळत हा शब्द मला अजिबात आवडला नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आज एका माणसाचा फोन आला. आवाज इतका मऊ की कान देऊन ऐकावं लागलं.

"ताई, तुम्ही आमच्या माणसांचे फोटो जपलेत. तुमचे उपकार कसे फेडू?"

मग म्हणाला, भट्टीवाल्याच्या खांद्यावरची ती पोर म्हणजे त्याची धाकटी बहीण. घरात शब्दाला शब्द लागला आणि ती निघून गेली, ती गेलीच. "आई अंथरुणाला खिळलीय, ताई. एकच घोकते, डोळे मिटायच्या आत लेकीला बघू दे."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. आमच्या नकाशावरून त्याला गाव कळलं. हा फोटो रोज उघडणारी दुसरी कोण असणार, म्हणाला. त्या गावात फिरफिर फिरला, पण गाव मोठं आहे. "तुमच्याकडे आत आणखी माहिती असते म्हणतात. कुठला भाग, कुठली जागा..."

मी म्हटलं, साहेबांना विचारून सांगते.

"साहेबांना कशाला त्रास? तुम्ही बाईमाणूस. आईचं काळीज तुम्हालाच कळणार."

शेवटी विचारलं, "ती एकटीच येते का, ते कळतं का हो तुमच्याकडे?" संगणकाला हे कसं कळणार! भाबडा बिचारा. फोन ठेवल्यावर अंगावर काटा आला. भारावल्यामुळे असेल.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सांगितलं त्याला. आतल्या नोंदीत त्या चांदणीचा पत्ता उघडला, तर ज्याच्या इंटरनेट जोडणीवरून ती येते त्याचं नावच तिथे होतं. सार्वजनिक वाचनालय. मला वाटलं, चला, आपल्या हातून एक तरी पुण्य घडलं.

त्याने ते नाव पुन्हा म्हणून बघितलं. मग हसला. आनंदाने हसला असणार. पण आभार मानायचे मात्र विसरला. काल ताई, ताई करत होता.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. ह्यांनी हातातला कप खाली ठेवला.

"कोण म्हणालीस तो?"

"भाऊ."

"कशावरून?"

"कशावरून म्हणजे? त्यानेच सांगितलं."

"मग मी उद्या फोन करून सांगतो, मी राजा आहे."

मला राग आला. म्हटलं, तुम्हाला सगळ्यातच खोट दिसते.  आता रात्र झाली, तरी झोप येत नाही. भांडणामुळेच असेल.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

चांदणी नेहमीसारखी आली. भाऊ अजून पोचला नसावा. मला आनंद का होत नाही?

२४ फेब्रुवारी, सोमवार

घाईत लिहितेय, अक्षर लागलं नाही तरी चालेल.

साहेबांना फोटोंची छापील पुस्तिका काढायचीय. मजकूर तपासायला मी सकाळी एकेक ओळ मोठ्याने वाचत होते. भट्टीवाल्याच्या फोटोपाशी आले आणि माझंच वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडलं. एकुलती एक लेक. आई बाळंतपणातच गेली.

एकुलती एक. मग भाऊ कुठून आला? आणि कुठली आई अंथरुणाला खिळलीय?

मी लिहिलंय ते. मी, माझ्या हाताने. आणि मीच त्या माणसाला पत्ता दिला.  ती घर सोडून कोणापासून पळाली असेल, हे आता मला कोणी सांगायची गरज नव्हती.

नोंदी उघडल्या. शनिवारी चांदणी आली होती. काल वाचनालय बंद. आज संध्याकाळ व्हायची होती.

वाचनालयात फोन लावला. ग्रंथपाल बाईंनी उचलला. मी काय बोलले ते मलाच नीट आठवत नाही. त्यांचं मात्र शब्दन् शब्द आठवतं.

"आमच्याकडे कोण येतं, कोण नाही, हे आम्ही कोणाला सांगत नाही."

"अहो, मला सांगू नका. तिला सांगा!"

"कोणाला? नाव काय त्यांचं?"

नाव मला कुठे माहीत होतं? मी म्हटलं, चाळिशीची असेल, संध्याकाळी संगणकावर बसते, एक फोटो बघते.

"बाई, शुक्रवारी एका गृहस्थांनी असाच फोन केला होता. तेही काळजीत होते, तेही गयावया करत होते. तुमच्यात नि त्यांच्यात फरक काय, हे मी फोनवर कसं ओळखायचं?"

मी रडायला लागले. तशा त्या जरा नरमल्या. मग म्हणाल्या, "मला जे करायचं ते मी करीन. काय केलं ते मात्र तुम्हाला कळवणार नाही." आणि फोन ठेवला.

आधी मला त्यांचा संताप आला. मग उमगलं की बुधवारी मी नेमकं हेच बोलायला हवं होतं.

भिंगरीला बोलावलं. ती धावतपळत आली आणि आयुष्यात पहिल्यांदा कमी बोलली. "मावशी, कुकी आहे ना! ज्या संगणकात ती खूण आहे, त्याच संगणकावर आपल्याला वेगळा मजकूर दाखवता येईल. बाकी जगात कोणालाच दिसणार नाही."

"म्हणजे फक्त तिला दिसेल?"

"तिला नाही. त्या संगणकाला. तिथे जो बसेल त्याला."

तो बसला तर? पण दुसरा काही मार्गही नव्हता. "पुन्हा आलात, बरं वाटलं" काढलं आणि तिथे लिहिलं : 'तुम्ही इथे येता हे एका माणसाला कळलं आहे. तो तुम्हाला शोधत आहे. लगेच निघा, एकट्या जाऊ नका. या जागेवरून हे पान पुन्हा उघडू नका.' वाचनालयातल्या बाईंचं नाव घ्यायचा मोह आवरला. उगाच त्यांच्याही मागे लागला असता. जगाला दिसणारा नकाशाही भिंगरीने तिथल्या तिथे बंद केला. फक्त आमच्या पडद्यावर चालू ठेवला.

मग वाट बघत बसलो. चहा आला, तसाच निवला.

चांदणी लागली. भिंगरीने माझा हात धरला. जेमतेम एक ओळ वाचून व्हावी तेवढा वेळ ती थांबली आणि विझली.

वाचलं. कोणीतरी वाचलं. पण कोणी?

२५ फेब्रुवारी, मंगळवार

ह्यांच्याबरोबर पोलीस चौकीत गेले. हवालदार चांगला होता बिचारा, पण विचारायला लागला. बाईचं नाव काय? माहीत नाही. माणसाचं नाव? माहीत नाही. गुन्हा काय झाला? मी म्हटलं, अजून झाला नसेल तर देवाची कृपा. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे पाहिलं. शेवटी बंदराच्या गावच्या चौकीला कळवतो म्हणाला.

ह्यांनी "मी सांगितलं होतं" असं एकदाही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

संध्याकाळी चांदणी आली नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

कालही नाही, आजही नाही. ती सावध झाली म्हणून येत नाही, की येण्यासारखी राहिलीच नाही? घास तोंडात फिरतो. कुठूनही कसलीही बातमी आली की आधी मी गावाचं नाव ऐकते.

साहेबांना सगळं सांगितलं. नकाशा कायमचा काढायचा म्हटल्यावर आधी म्हणाले, "अहो, देणगीदार पुढच्या आठवड्यात येताहेत!" पुरतं ऐकल्यावर मात्र त्यांचा चेहरा उतरला. तरी म्हणाले, "नकाशा काढा. पण आतल्या नोंदी राहू द्या. टाकायचं नाही हा आपला नियम आहे."

मी साहेबांना कधी उलट उत्तर दिलेलं नाही. आज दिलं. "साहेब, तो पुन्हा फोन करणार. आपल्याकडे असलं तर आज ना उद्या कोणीतरी देणारच. आणि वाईट माणूसच देईल असं नाही. मी दिलंच की."

साहेब भिंतीवरच्या त्या अक्षरांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मी आज लवकर घरी जातोय. मी गेल्यावर तुम्ही काय केलंत, मला माहीत नाही." आणि खरंच गेले.

भिंगरीने बटण दाखवलं. "मावशी, दाबलं की परत येणार नाही. आणि चांदणी पुन्हा आली का, तेही मग कधी कळणार नाही. तुम्हालासुद्धा."

मी सुतळी न टाकणारी बाई. माझं बोट काही केल्या खाली जाईना. सगळ्यांत जास्त भीती त्याचीच वाटली, की ती जिवंत असल्याची खूण दिसायची माझ्याकडे एवढी एकच खिडकी होती आणि तीच मी बंद करत होते. पण त्याच खिडकीतून तोही आत आला होता. डोळे मिटले आणि दाबलं.

मग 'चालेल'च्या शेजारी 'नको' आलं, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत. 'नको' म्हटलं तरी सगळे फोटो दिसतात. माझं ठेव्याचं वाक्य खोडलं. आता नुसतं आहे : 'आपण कोण, कुठून आलात, काय पाहिलंत, यातलं आम्ही काहीही ठेवत नाही.' भट्टीवाल्याचा फोटो मात्र जागेवरच ठेवला. तिला बाप बघावासा वाटला तर कुठूनही बघू दे. कोणाला कळणार नाही.

५ मार्च, बुधवार

आजकाल हे मला न्यायला येतात. काल समोरच्या फुटपाथवर एक माणूस एकटक आमच्या दाराकडे बघत उभा होता. मी शिपायाला पाठवलं. तो माणूस रिक्षाची वाट बघत होता. शिपाई हसला, मीही हसले. घरी आल्यावर दाराची कडी लावली आणि पुन्हा जाऊन बघितली, आणि पुन्हा.

गॅसची, लिफ्टची भीती कुठल्या कुठे पळाली. त्या भीतींची आता आठवण येते.

११ मार्च, मंगळवार

त्याचा फोन आला. आवाज तोच, मऊपणा गेलेला.

"चांदणी कुठे गेली?"

 कसंबसं म्हटलं, नकाशा काढून टाकला.

"मग आतलं बघून सांगा."

"आत काही नाही. पुसलं सगळं."

"खोटं बोलू नका. तुमच्याकडे काही टाकत नाहीत. भिंतीवरच लिहिलंय तसं."

त्या भिंतीचा फोटो आम्ही संकेतस्थळावर कधीच टाकलेला नाही. म्हणजे तो इथे येऊन गेलाय. माझ्या टेबलासमोरून गेला असेल. मी त्याला तिकीट दिलं असेल, 'या, बसा' म्हटलं असेल.

"इतके दिवस त्या वाचनालयासमोर बसून काढले मी," तो म्हणाला. "ती येत नाही. कोणी तिला ओळखतसुद्धा नाही म्हणे. तुम्ही काहीतरी केलंत." मग म्हणाला, "हल्ली मिस्टर न्यायला येतात वाटतं तुम्हाला?"

माझ्या हातातून फोन पडला. उचलला तेव्हा बंद होता. थेट चौकीत गेलो. या वेळी हवालदाराने नीट लिहून घेतलं, फोनचा नंबरही घेतला. ह्यांनी येताना नवं कुलूप आणलं. सगळ्या खिडक्या लावल्यात, तरी मला दिसतोय तो एक न पाहिलेला चेहरा. भीती, भीती, भीती. बहिणीने सांगितलं होतं निम्मी कागदावर राहते. कुठे राहतेय?

१२ मार्च, बुधवार

रजा घेतली. हेही घरीच थांबले आणि सकाळपासून नव्या कुलपाची किल्ली उलटी घालून बघताहेत.

मी भांडी घासत होते. त्याचा आवाज डोक्यातून जात नव्हता, एकेक वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं. चांदणी कुठे गेली. खोटं बोलू नका. ती येत नाही. कोणी तिला ओळखत नाही. चांदणी कुठे गेली.

आणि साबणाचा हात तसाच ठेवून मी मटकन खाली बसले. हे किल्ली टाकून धावत आले. "काय झालं? कोण आहे?" मला हसू येत होतं की रडू, ते त्यांना कळेना, मलाही कळेना. काल फोनवर मी इतकी घाबरले होते की त्याने मला काय सांगितलं, तेच मला ऐकू आलं नव्हतं.

"अहो," मी म्हटलं, "ती सापडली असती तर त्याने मला कशाला विचारलं असतं?"